"आपण बसावं"

माण, ता. मुळशी

प्रिय हणमंता,

तुला आणि शालनला ताईचा मायेचा आशीर्वाद.

मी बरी आहे. पाळणाघरातली नोकरी ठीक चालली आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला कमी झाला का?

रविवारी घरमालकीण सगुणाबाईंनी आम्हा भाडेकरणींना टीव्हीवर पिक्चर बघायला बोलावलं. दोन मित्रांचा, अगदी पाचकळ. दोघे शेणात पडतात, सारखे एकमेकांना शिव्या देतात. पुढे त्यांचं बिनसतं, आणि एक दुसऱ्याला म्हणतो, "आपण बसावं."

सगुणाबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. "लई भारी हाय!"

"किती फालतू, काकू!" वरच्या खोलीतली सृष्टी म्हणाली.

सगुणाबाईंचे यजमान कुशाबा मात्र चिडले. "हासताय काय? जिवाचा दोस्त 'आपण' म्हनला, म्हंजी संपलं की समदं."

"अवो, पिक्चर हाय त्यो!"

मला हसू आलं नाही. तुझ्या लेकीच्या, प्रणालीच्या साखरपुड्याला मला रजा मिळाली नाही, आणि नंतर फोनवर तू म्हणालास, "तुम्ही कामात असता, ताई." जन्मात कधी तू मला 'तुम्ही' म्हणाला नव्हतास. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. पुन्हा करायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते आहे.

प्रणालीच्या लग्नाला मी येणार, रजा मिळो न मिळो. दारातच माझ्यावर ओरड, पाहुण्यांसमोर ओरड. पण आधी "आलीस का" एवढं म्हण.

आईला माझा नमस्कार सांग.

तुझीच,
सुनंदाताई