दहा पावलांवरचा गुल्वेन

क्लिशी, १२ एप्रिल १८८८

आईस, तुझ्या मारिवोनचा दोन्ही गालांवर मुका.

मी बरी आहे. घाटावर धुणं भरपूर असतं. खोकला थोडा आहे, पण दादासारखा नाही, काळजी करू नकोस. गाय व्यायली का?

फेब्रुवारीत आपला गुल्वेनदादा गेला, तेव्हापासून तू प्रत्येक पत्रात त्याचा फोटो मागतेस. त्याने कधी काढलाच नाही गं. पण काल एक झालं. पाद्रीबाबांना पुढचं सावकाश वाचायला सांग.

गेला उन्हाळाभर घाटावर बसून नदी रंगवणारा चित्रकार परत आला. त्याने तेव्हाचं चित्र दाखवलं, तर नुसते ठिपके! पलीकडच्या गॅस कारखान्याचा धूर चक्क गुलाबी नि जांभळा. मी म्हटलं, "अहो, हा धूर मी रोज लोकांच्या सदऱ्यांतून धुऊन काढते. तो काळाच असतो!"

"बाई, आधी दहा पावलं मागं जा, मग भांडा."

मागे गेले. धूर खरंच हलायला लागला. आणि खाली धक्क्यावर, कोळशाचं पोतं खांद्यावर घेऊन, डावीकडे झुकलेला आपला दादा! तस्साच. मी धावत जवळ गेले, तर तिथे दोन निळे फटकारे आणि टोपीचा एक पिवळा ठिपका. बाकी काही नाही.

तुझ्यासाठी तो चित्रकार याचंच एक लहान चित्र करून देणार आहे. चुलीमागच्या भिंतीवर लाव आणि दारातूनच बघ. तुला जवळचं दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून मी किती चिडायचे. आता वाटतं, तेच बरं.

तुझी,
मारिवोन