गाठ न सोडलेली बरणी

प्रिय आई,

तू पाठवलेली जवसाची चटणी खेमराजने काल पोहोचवली. माझ्या शहापूरच्या खोलीत शिरताच त्याने बरणी पुढे केली आणि नजर दुसरीकडे वळवली. तेव्हाच मी काय ते समजले. तुझ्या पोराला खोटं वागता येत नाही, आणि तुला काही केल्या हात आवरता येत नाही.

दिवाळीतली बरणी आठवते ना? किती चवीने खायचे मी ती चटणी! मग एक दिवस दाताखाली झिंग्याची मिशी आली. सुके झिंगे कुटून तू जवसात मिसळले होतेस. मी फोनवर रागाने रडले, तर तू शांतपणे म्हणालीस, "ढिवराची पोरगी आहेस तू. मासोळीबिगर तुया आंगात रगत कसं येईन?"

ढिवराचीच आहे मी. बाबांबरोबर तलावात जाळं टाकलंय, आजही टाकू शकते. पण खाणार नाही. इथे खोलीमागच्या गोठ्यात मेलेल्या रेडकाच्या कातड्यात धानाचं तणस भरून ते म्हशीपुढे उभं केलेलं पाहिलं. ती त्याला चाटत होती आणि गवळी दूध काढत होता. त्या दिवशी माझं दूध पिणं सुटलं. मागोमाग अंडी, मासोळी सगळंच. तुला हे वेड वाटतं. वाटू दे.

मागच्या वर्षी पावलांना मुंग्या यायला लागल्या, धावताना धाप लागू लागली, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी लाखोळीच्या डाळीवर खापर फोडलं. ती खाऊन पाय जातात म्हणे. बेबीमावशीने तर मी आता काठी धरणार असं आपल्या साऱ्या दिघोरी गावाला सांगितलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. ते मासोळीत असतं, दुधात असतं, डाळभातात नसतं. हे सगळं सोडायचं तर ते औषधातून घ्यावंच लागेल, नाहीतर पाय खरंच जातील, असं त्यांनी मला दरडावून सांगितलं. मग सुया लावल्या. आता गोळी चुकवत नाही. लाखोळी रोज नको म्हणाल्या, म्हणून तूर, हरभरा, शेंगदाणे असं आलटूनपालटून खाते. मुंग्या गेल्या, आणि परवाच्या तपासणीत रक्तही चांगलं निघालं.

आणि तू काय केलंस? सगळं श्रेय त्या चटणीला देऊन मोकळी झालीस. गावी आले की शेजारची रंभाबाई मला विचारते, झिंगे किती आणि जवस किती. सुया टोचल्या माझ्या दंडात आणि नाव झालं तुझ्या उखळाचं! हसू येतं, पण राग जास्त येतो. माझ्यासाठी तुझा जीव तुटतो, मी वाळलेली दिसले की तुझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे मला कळतं गं. पण मला न सांगता माझ्या ताटात काही घालायचा हक्क तुलाही नाही.

उद्या पोलीस भरतीची धाव आहे. निवड होवो न होवो, तुझं उत्तर तयार असणार. पुढे आले तर "झिंग्यांच्या जोरावर धावली", मागे पडले तर "मासोळी सोडली म्हणून पडली". म्हणून धावायच्या आधीच हे लिहून खेमराजच्या हाती देते आहे, बरणीसकट. झाकणावरच्या फडक्याला तू जाळ्याची गाठ मारली आहेस. तशी गाठ घरात तुझ्याशिवाय कुणालाच जमत नाही, मलाही नाही. नीट बघ, ती सोडलेली नाही. उद्या जे काही होईल ते माझ्या पायांचं असेल. मग मी घरी येईन, आणि तू माझ्यासमोर नुसतं जवस कुटशील.

तुझीच, तुझ्याइतकीच हट्टी,
रंजू