दारातला माणूस

आबा, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो तसाच निवून गेला. आज वेल्ह्याच्या शाळेत पोरांना इंग्रजीतली सर्वनामं शिकवत होतो. आय, यू, ही, शी. एकमेकांकडे बोट दाखवायचं आणि वाक्य करायचं. तेवढ्यात एका पोरीचे वडील तिची विसरलेली वही घेऊन दारात आले. भाताच्या लावणीतनं तसेच आलेले, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. मी काही विचारायच्या आत पोरगी उठली आणि खणखणीत म्हणाली, "ही इज माय फादर!" सगळा वर्ग हसला, तीही हसली, तिचे वडील तर लाजून चूर झाले. मी मात्र फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, उगाच पुसलेलंच पुसत.

माझी भोरची शाळा तुम्हाला आठवत असेल. मी उत्रोलीला मामाकडे राहून शिकत होतो आणि तुम्ही राखलेली बकरी बाजाराला घेऊन डोंगरावरनं उतरायचात. त्या दिवशी खरवसाचा डबा घेऊन थेट वर्गाच्या दारात आलात. खांद्यावर घोंगडं, अंगाला बकऱ्यांचा वास. मागं कुणीतरी नाक दाबलं, ते मी पाहिलं. इंग्रजीचे सर नवीन होते, तुम्हाला ओळखत नव्हते. ते म्हणाले, "थांबा बाबा, सुट्टी होऊ दे." आणि धडाही नेमका हाच चालू होता! त्यांनी तुमच्याकडे बोट केलं आणि मला उठवलं, "सांग, ही इज...?"

'माय फादर' मला येत होतं, आबा. पक्कं पाठ होतं. मी म्हणालो, "ही इज अ मॅन." तो एक माणूस आहे. असेल कुणीतरी, आपल्याला काय! सर म्हणाले, शाब्बास.

सुट्टीत मी तुम्हाला शाळेच्या मागं नेलं, कुणी बघू नये म्हणून. डबा उघडायच्या आधी तुम्ही विचारलंत, "काय म्हणलास रं माज्याबद्दल?"

"म्हणलो, हे माझे वडील हायेत."

"विंग्रजीत? आरं तिच्या! म्हण की पुन्यांदा."

शब्द तुम्ही दारातनं ऐकले होते, आता बदलता येईनात. तेच 'ही इज अ मॅन' मला चारदा म्हणायला लावलंत. पाचव्यांदा तुम्ही स्वतः म्हणालात, अगदी बरोबर. मी डब्यात बघत खरवस खात राहिलो.

मग काय, जन्मभर तेच! लग्नात, कचेरीत, ओळख निघाली की छातीवर हात ठेवायचात, "ही इज अ मॅन!" आणि समोरच्याला समजावून सांगायचात, "म्हंजी मी ह्येचा बाप." एकदा येष्टीत कंडक्टर खो खो हसला. तुम्हीही त्याच्याबरोबर हसलात. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला शरम वाटत होती, आणि तेव्हा ती तुमची नव्हती.

शेवटी दवाखान्यात नर्सनं विचारलं, "आजोबा, हे कोण तुमचे?" तुम्हाला धाप लागली होती, तरी छातीवर हात ठेवून तुम्ही तेच म्हणालात. तिनं माझ्याकडं पाहिलं. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. त्यानंतर आणखी तीन दिवस होता. मी तुमची उशी नीट करत राहिलो.

हे कुठं पाठवायचं? तुम्हाला वाचताही येत नव्हतं. वहीतच राहू दे. पण एक सांगायचं राहिलं, ते लिहिल्याशिवाय आज झोप येणार नाही. ते चिखलाच्या पायांचे वडील गेल्यावर त्या पोरीनं मला विचारलं, "सर, तुमचं वडील काय करायचं?"

मी म्हणालो, "शेती."

शेत आपल्याला कधी होतं, आबा?