उंबरठ्यातला खिळा

मामा,

मी नवं ब्लेड आणायला उस्मानपुऱ्यात चाललेय. भाकरी टोपल्यात आहे, वरण तेवढं गरम करून घ्या.

पंधरा दिवस झाले, लाकडाचं बँडसॉ मशीन वाकडं कापतंय. ब्लेड सारखं उजवीकडं पळतंय. आणि पंधरा दिवस तुम्ही आल्यागेल्या गिऱ्हाइकाला सांगताय, "सुनेचा हात हलतो." मी ब्लेडचा ताण बघितला, चाकं बघितली, ब्लेड सरळ धरणारे गाईड दोनदा जुळवले. पडेगावच्या सत्यभामाबाईंच्या दाराच्या तीन फळ्या वाया गेल्या. शेवटी मलाच वाटाय लागलं, खरंच माझा हात हलत असंल.

आज ब्लेड उतरवून दातांवरनं नख फिरवलं. डाव्या बाजूचे दात पार बोथट. मग खालचा भुसा चाळला, तर त्यात अर्धा खिळा. उरलेला अर्धा तुमच्या खाटेखाली लपवलेल्या, अर्धवट कापलेल्या जुन्या उंबरठ्यात सापडला, घोड्याची नाल ठोकलेल्या जागी.

"जुन्या उंबरठ्यात नालेचा खिळा असतोच, आधी लोहचुंबक फिरव," हे मला तुम्हीच शिकवलं. पण मी पोरीला शाळेत सोडून येईस्तोवर गुपचूप कापून उरकायची घाई, म्हणून तुम्ही तेवढंही केलं नाय.

माझ्या हाताला नाव ठेवलं, ते मी गिळलं. पण पुन्हा मशीनपाशी जाणार नाय, असा शब्द तुम्ही दवाखान्यात दिला होता. फ्यूज काढून पिशवीत घेतलाय, शोधत बसू नका.

आठच बोटं उरलीत तुमची. संध्याकाळी ताटावर बसाल तेव्हा मी मोजणार आहे.

करुणा