नव्या डॉक्टरला त्रास देऊ नका

३ ऑगस्ट, रविवार

उद्या येतेय! माझ्या जागी डॉक्टर हवा म्हणून तीन वर्षं जाहिरात चालू आहे. चौघं येऊन बघून गेले, त्यातला एक तर पेट्रोल पंपावरूनच माघारी वळला. आता ही – डॉ. थुई लाम, वय बत्तीस, अ‍ॅडलेडची. दोन आठवडे माझा दवाखाना चालवून बघणार आणि पंधरा तारखेला हो की नाही ते सांगणार. नाही म्हणाली तर ऑक्टोबरअखेर मी कुलूप लावणार. सदुसष्ट झाले, गुडघे आता माझं ऐकत नाहीत. मग आमच्या विरंडू गावातल्या माणसाला साधा खोकला झाला तरी डॉक्टरसाठी एकशे दहा किलोमीटर.

आज चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर ग्लेनिस उभी राहिली. म्हणाली, "पोरगी लांबून येतेय. नीट वागा. तिला जीव नकोसा करू नका." ग्लेनिस तेवीस वर्षं माझ्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसते. गाव पोलिसाला भीत नाही इतकं तिला भितं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

४ ऑगस्ट, सोमवार

आली. बुटकी, चटपटीत, गाडीच्या टपावर सायकल. येताना एक यंत्र घेऊन आली आहे. टेबलावर ठेवायचं, ते डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकतं आणि आपलं आपण टिपण लिहून काढतं.

"तुमचा रोज लिहिण्यात किती वेळ जातो?" तिने विचारलं.

"दोन तास. जेवणानंतर."

मी अजून विहिरीतून पाणी शेंदते असं सांगितल्यासारखी बघत राहिली.

पेशंट तीन. एरवी सोमवारी तीस असतात.

५ ऑगस्ट, मंगळवार

पेशंट दोन. त्यातला एक टपालवाला, पत्रं टाकून गेला. म्हणजे एकच.

तो एक म्हणजे विक शिर्मर. गहू पिकवतो, गावातल्या प्रत्येक समितीचा अध्यक्ष. त्यालाही औषध नको होतं, कुठल्याशा कागदावर साक्षीदार म्हणून सही हवी होती. "तब्येत कशी आहे?" थुईने विचारलं. "ठीक चाललंय," म्हणाला आणि पुढची दहा मिनिटं कुत्र्याबद्दल बोलला.

यंत्राचं टिपण मी स्वतः वाचलं – "रुग्ण, पुरुष, वय त्रेसष्ट. प्रकृती उत्तम. डाव्या मागच्या पायाने लंगडतो. मेंढ्या दिसल्या की आवरत नाही." थुई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला पोरगी आवडली.

तसं यंत्राला तरी काय बोलणार! मागे एकदा ट्रॅक्टर पायावरून गेला तेव्हाही विक "ठीक चाललंय" असंच म्हणाला होता.

७ ऑगस्ट, गुरुवार

कालही एकच, आजही एकच. रिकामा वेळ भरपूर, म्हणून थुईने सरकारी कागद काढले. दुर्गम भागातल्या डॉक्टरला जास्तीचं अनुदान मिळतं, आणि दुर्गम कुठलं ते नकाशावरची एक रेघ ठरवते. दोन वर्षांपूर्वी ती सरकली. आता आमच्या मुख्य रस्त्याच्या मधून जाते.

"समोरची गव्हाची कोठारं दुर्गम," थुई म्हणाली, "आणि रस्त्याच्या अलीकडचा हा दवाखाना शहरालगत?"

"हो."

"कुठल्या शहरालगत?"

"ते नाही कळवलं त्यांनी."

तीन पत्रं लिहिली होती मी. उत्तर आलं – तक्रार नोंदवली आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मी पाच दिले. तिथे बसलेली माणसं वाईट नसतील बिचारी.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पेशंट शून्य. ग्लेनिसने प्रतीक्षागृहातली मासिकं तारखेप्रमाणे लावली.

संध्याकाळी थुई माझ्या खोलीत आली. अवघडली होती. "डॉक्टर, राग मानू नका. या गावाला पूर्णवेळ डॉक्टर खरंच लागतो का? सरकार पैसे देतं ते पेशंटमागे. पेशंटच नसतील तर हा दवाखाना चालणार कशावर? आठवड्यातून एक दिवस शहरातून व्हिडिओवर तपासलं तरी भागेल यांचं."

एरवी इथे बसायला खुर्ची मिळत नाही, हे सांगायला गेले तर थापच वाटली असती. सांगितलं तरीही. तिने सभ्यपणे मान हलवली.

९ ऑगस्ट, शनिवार

कळलं! देवा, काय माणसं आहेत ही!

दुपारी फुटबॉलच्या मैदानावर गेले. सगळं गाव कुंपणाला टेकून उभं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता खोकला. बेकरीवाल्या डॉटीच्या बोटाला लाकडी फूटपट्टी बांधलेली.

"डॉटी, हे काय?"

"मोडलंय बहुतेक. सोळा तारखेला येते तुमच्याकडे."

"सोळालाच का?"

तिने विककडे बघितलं. विकने छाती फुगवली. "आम्ही ठरवलंय, डॉक्टरीणबाई. नव्या डॉक्टरला त्रास द्यायचा नाही. मागचे डॉक्टर गर्दी बघून पळाले. ही हो म्हणेपर्यंत गावात कुणी आजारी पडणार नाही. मी घरोघर सांगून आलोय."

मी कपाळाला हात लावला. मग त्याला सांगितलं, रिकामा दवाखाना बघून ती काय म्हणाली ते. विकचा चेहरा उतरला. "म्हणजे ती आमच्यामुळे जाणार?"

"हो. तुमच्या चांगुलपणामुळे."

सामना चालू असतानाच तो गेला आणि निवेदकाच्या हातातून माइक घेतला. "लक्ष द्या. ज्याला ज्याला काही होतंय त्याने सोमवारी दवाखान्यात यायचं. जुनं दुखणं असेल तर तेही घेऊन या. घरी कुणी राहायचं नाही."

आम्ही सामना हरलो.

११ ऑगस्ट, सोमवार

सत्तेचाळीस!! रांग बेकरीच्या पुढे. ग्लेनिसने क्लबातल्या सोडतीच्या चिठ्ठ्या आणून नंबर वाटले, एकवीस नंबर आला तेव्हा सवयीने एकाने विचारलं, बक्षीस काय. डॉटीने मोडक्या बोटाने सगळ्यांना बेकरीतले गरम पॅटिस वाटले. यंत्राने दुपारी बारा वाजता मान टाकली, त्यावर शेवटचं वाक्य – "कृपया एका वेळी एकानेच बोलावे." थुई दिवसभर उभी. मी तिच्या शेजारच्या खोलीत. संध्याकाळी तिचे केस विस्कटलेले, गाल लाल, आणि बाई गुणगुणत होती!

१२ ऑगस्ट, मंगळवार

थुईने सकाळी दार लावून घेतलं. हातात विकचा कार्डिओग्राम. काल रांग लावत फिरत होता तेव्हा दम लागलेला दिसला, म्हणून तिने त्याला हाताला धरून आत नेलं होतं.

"चढावर याच्या छातीत दुखतं. दोन हिवाळे झाले. तुम्हाला कधी बोलला नाही?"

नाही बोलला. दर महिन्याला भेटतो मला! काल मी घरी गेल्यावर, रात्रीच थुई त्याला विमानाने अ‍ॅडलेडला पाठवायचं म्हणत होती, तो म्हणे सकाळी जातो, रात्रभर तिने त्याला दवाखान्यातच डोळ्यांसमोर ठेवला. धावपट्टीवर स्ट्रेचरशेजारी उभी राहून मी विचारलं, का नाही सांगितलंस रे?

"तुमच्या दारात कायम पंधरा माणसं, डॉक्टरीणबाई. तुम्ही दमलेल्या दिसायचात. म्हटलं, त्यात आपली भर कशाला."

परत आल्यावर थुईने बाकीचे कागद पुढे ठेवले. असे आणखी अकरा जण निघाले. गाठ, साखर, लघवीतून रक्त. सगळ्यांचं कारण तेच – डॉक्टर दमतात.

मला वाटायचं गावाला मी सांभाळतेय. गावच मला सांभाळत होतं. लाज वाटते आहे. मी वाईट डॉक्टर नाही, ही माणसंही वाईट नाहीत, आणि तरी विक यात मेला असता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

विकच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. फोनवर म्हणाला, ठीक चाललंय. थुईने खडसावलं, "नक्की कुठे किती दुखतंय ते सांगा." पहिल्यांदाच त्याने सांगितलं. सतरा मिनिटं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

हो म्हणाली.

एकच अट. मी सोडायचं नाही, आठवड्यातून तीन दिवस यायचं. मी गुडघे पुढे केले. ती म्हणाली, "एकटी बसले तर मीही दमेन. आणि मग हे लोक मलाही सांगायचे बंद होतील."

सोमवार, मंगळवार, गुरुवार. ग्लेनिसने दाराबाहेर थुईच्या नावाची दुसरी पाटी लावायला घेतली आहे.