तट्टूच्या डोक्याची उंची

वरची चौकट निम्मी कापून झाली आहे, करवत तिच्यातच अडकवून ठेवली आहे आणि तट्टू माझ्याकडे पाठ करून उभं आहे. ताई, तेवढ्या वेळात हे लिहितो. उद्या सकाळी आठला गाडी येणार, त्याआधी काय ते ठरवायचं आहे. नमस्कार आधी घालायला हवा होता, तो इथे घालतो. तुमचा खोकला कमी झाला का? साडूबुवांना माझी आठवण सांगा (ते विचारणार नाहीत, तरी सांगा). मी बरा आहे. डाव्या पायाचा अंगठा काळानिळा आहे, पण ते पुढे येईलच.

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की या वयात माणसानं पसारा आवरावा. आवरायलाच घेतला होता. लाकडांची खोली रिकामी करत होतो, तेवढ्यात फाटकाशी एक बाई आल्या. शाळेत कवायत शिकवायच्या, आता मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला निघाल्या आहेत. त्यांचं एक म्हातारं तट्टू आहे, ते तिसऱ्या मजल्यावर नेता येत नाही. म्हणाल्या, "सांभाळायला घ्या. मालकी माझी, चारापाणी तुमचं. नाही जमलं तर परत." मी म्हणालो, बाई, मी सुतार, माझ्याकडे चार पायांचं फक्त टेबल येतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या मिसेस दर बुधवारी यायच्या, म्हणून आधी तुमच्याकडे आले. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. तुमची धाकटी बहीण सहा वर्षं दर बुधवारी दुपारी गुडघ्याच्या व्यायामाला जात होती. परत आली की मी विचारायचो, गुडघा कसा आहे? ती म्हणायची, आज बराच वाकला. गुडघ्याला काही झालेलंच नव्हतं. ती तट्टूला खरारा करायला जात होती (खरारा म्हणजे ब्रशने घोड्याचं अंग घासणं, मलाही परवाच कळलं). तिच्या करड्या स्वेटरला गवताच्या काड्या लागलेल्या असायच्या. त्या मी माझ्या हाताने झटकल्या आहेत. सुताराच्या घरात कपड्याला काडी दिसली तर माणूस दुसरं काय समजणार? मी म्हणायचो, माझा कचरा उगाच तुझ्या अंगावर. ती म्हणायची, असू दे. बाई सांगतात, तट्टूशी ती तासभर बोलायची. अरे आज असं झालं, अरे तुला सांगते. ताई, सव्वीस वर्षं मी "अहो" होतो.

शेवटच्या आठवड्यात ती सारखी विचारायची, आज बुधवार आहे का? मी म्हणायचो, असला तरी गुडघ्याचं नंतर बघू.

तर शनिवारपासून तट्टू इथे आहे. चार दिवस ठेवून बघा, मग सांगा, असं ठरलं. खोलीला त्याच्यापुरतं दार करावं म्हणून मी बाईंना फोनवर उंची विचारली. त्या म्हणाल्या चार फूट. मी सव्वाचार फुटांचं दार केलं, बिजागऱ्या पितळी बसवल्या. तट्टू आलं, दारापाशी थांबलं आणि चौकटीच्याही वर गेलेलं डोकं वळवून माझ्याकडे बघायला लागलं. घोडेवाले लोक उंची खांद्यापर्यंतच मोजतात. मान आणि डोकं धरतच नाहीत. तीस वर्षांत माझं एक माप चुकलं नाही, आणि चुकलं ते आख्ख्या डोक्यानं. बाईंनी लगाम ओढला, मी मागून ढकललं, त्यानं फक्त पाय बदलला (अंगठा). घरात कुणी असतं तर पोट धरून हसलं असतं. तेव्हापासून ते अंगणात ताडपत्रीखाली आहे. मी ब्रश घेऊन जवळ गेलो की पाठ फिरवतं. माझ्या कानामागची पेन्सिल मात्र त्यानं दोनदा खाल्ली, तेव्हा मी आवडत नसलो तरी माझं काम त्याला आवडत असावं.

बाई म्हणतात, दर बुधवारी दुपारी ते अजून फाटकाशी जाऊन उभं राहतं. (जनावराला वार कसा कळतो, हे मी विचारलं नाही. कवायतीच्या बाईंच्या हाताखाली सगळ्यांनाच कळत असेल.) मी नाही म्हणालो तर उद्याच्या गाडीने ते लांब, जत्रेत मुलांना फिरवणाऱ्या माणसाकडे जाईल. पाठ वाकलेली आहे, वय बावीस. ठेवून घ्यावं तर ती वरातीमागून घोडं आणल्याची गोष्ट. जिच्यासाठी आणायचं ती गेली. शिवाय सांभाळायला दिलेलं परत मागतातच. बाई मागतील, नाहीतर त्यांच्याही आधी दुसरं कुणी. पुन्हा एकदा रिकामी खोली बघायची माझी तयारी नाही. म्हणून नाही म्हणायचं ठरवलं आहे. चौकट कापतो आहे ती अर्धं काम टाकायची सवय नाही म्हणून.

शेवटी "कळावे" लिहायची रीत आहे, पण मलाच काही कळलेलं नाही.

तुमच्या धाकटीचा,
अहो

ता. क. तिच्यामागे तुम्ही तिचा करडा स्वेटर घेऊन गेलात. त्यावरून मी तेव्हाच्या पत्रात जे लिहिलं ते लिहायला नको होतं. बहीण तुमचीही होती. तो आता काही दिवस सांभाळायला द्याल का? मालकी तुमचीच. तो अंगात घातला तर तट्टू ब्रश लावू देईल, असं बाईंचं म्हणणं आहे.

ता. क. दुसरा. बाई असं काही म्हणाल्या नाहीत. धुतला नसेल तर तसाच पाठवा. धुतला असेल तर मला कळवू नका, नुसता पाठवा.

सकाळी. गाडी आठला आली, रिकामी गेली. चौकट पूर्ण कापली आहे, पण तट्टू अजून आत गेलेलं नाही. आज बुधवार. दुपारचं काम मी कुणाचं घेतलं नाही.