दोन मिनिटं पाय खाली सोडून

सिडको, नाशिक
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळ

ती. दादा,

मालिनीचा नमस्कार. वहिनी आणि तनय मजेत असतील असं धरून चालते. तू आत येऊन मला हाक मारशील, पण ओ कोणी देणार नाही, म्हणून हे पत्र गोळ्यांच्या डब्याखाली ठेवलंय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तुझा उपदेश सुरू होतो. कागदावर निदान मला पुरतं बोलता येतंय.

तू येईपर्यंत शेजारच्या यशोदाबाई ह्यांच्याजवळ बसतील. तुझा चहा थर्मासमध्ये आहे.

आधी कामाचं. सकाळी नाश्त्यानंतर पांढरी गोळी, रात्री जेवणानंतर पिवळी अर्धी. हे म्हणतील, "बरं वाटतंय, आज नको." ऐकायचं नाही. मनानं गोळी सोडायची नाही असं तेजल डॉक्टरांनी बजावलंय. पहिल्या गोळीनं कोरडा खोकला लागला होता. ती बदलून दुसरी दिली, तर घोटे असे सुजले की मोज्याच्या रबराचा वळ तासभर जायचा नाही. आताच्या गोळीनं खोकला नाही, सूज नाही, पण झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी कुशीवर वळायचं, मग उठून बसायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबायचं आणि मगच उभं राहायचं. त्यासाठी कॉटसमोर घड्याळ लावलंय. गुरुवारी ही दोन मिनिटं चुकली आणि ह्यांच्या कपाळाला सात टाके पडले, एवढंच तुला फोनवर सांगितलं होतं.

मीठ कमी. हा तर तुझाच सल्ला. माझी आभा चौदा वर्षांची होती, ह्यांचा चष्मा तिनं कुठे ठेवला ते सांगेना म्हणून ह्यांनी तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. तू रिक्षा करून आलास. तिच्या केसांतलं रक्त बघितलंस, मग ह्यांच्या दंडाला मशीन लावलंस, वरचा आकडा एकशे ऐंशी आला. मला ओट्याशी बोलावून म्हणालास, "दाजींना बीपी आहे गं. सांभाळून घे. जेवणात मीठ कमी घाल जरा." मी घातलं कमी. तिसऱ्या दिवशी अळणी आमटीचं ताट माझ्या तोंडावर आलं, काठानं भुवई फाटली. तुला सांगितलं, मोरीत घसरले.

मग ती रीतच पडली. हे मारायचे, मी तोंड धुऊन मशीन आणायचे. आकडा मोठा आला की सगळे मोकळे. दात पडला तेव्हा एकशे पंच्याहत्तर होतं. मनगट मोडलं तेव्हा मला पट्टा गुंडाळता येईना, तर ह्यांनीच दुसरं टोक धरलं. केवढं ते सहकार्य! अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं सुपरवायझर होते, तिथे कधी कुणावर हात उगारला नाही. तिथे बीपी नसायचं का, हे मीही कधी विचारलं नाही आणि तूही नाही.

भाऊबीजेला तुझ्याकडे निघायला मला उशीर झाला. ह्यांनी केस धरले आणि माझं डोकं बेसिनच्या कडेवर आपटलं, दोनदा. डाव्या कानातून रक्त आलं. रक्त पुसलं आणि सवयीनं मशीन लावलं, तर एकशे अठ्ठावीस, खाली ब्याऐंशी. परत मोजलं, तेच. मशीन बिघडलं असेल म्हणून माझ्या दंडाला लावलं. माझं एकशे साठ निघालं. मग पदर कानावरून घेऊन तुला ओवाळायला आले. "आज अगदी सोज्वळ दिसताय," वहिनी हसून म्हणाल्या, आठवतं?

दुसऱ्या दिवशी एकटीच तेजल डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, आकडा चांगला आलाय, पण हात थांबत नाही, अजून एकदा गोळी बदलून द्या. त्या पोरीनं हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मावशी, ह्या गोळ्यांनी खोकला येतो, सूज येते, चक्कर येते. हात नाही उठत." कान तपासला, पडदा फाटलाय. मलाही बीपीची एक गोळी लिहून दिली.

आता गुरुवारचं. हे दुपारी कॉटवर पडले होते. मी कुकर लावला आणि ओट्याशी उभी राहूनच म्हणाले, "डॉक्टरांना सगळं सांगितलंय मी. बीपी नॉर्मल असतानाच मारता तुम्ही." हे ताडकन उठले. "थांब, जीभच हासडतो तुझी," म्हणत हात उगारून स्वयंपाकघरात दोन पावलं आले, डोळे फिरले, आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आदळलं. नारळ फोडतो तसा आवाज आला. रक्त फरशीवरून माझ्या पायापर्यंत आलं.

दादा, ती दोन मिनिटं मी चुकवली. मला माहीत होतं, हे एकदम उठले तर पडणार. म्हणून तर ओट्याशी उभी राहून बोलले. हे पडल्यावर मी जागची हलले नाही. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. हे "पाणी, पाणी" म्हणत होते. मग गॅस बंद केला आणि यशोदाबाईंना हाक मारली. दवाखान्यात सगळे म्हणाले, बीपीमुळे पडले. मीही तेच म्हणाले. इतकी वर्षं म्हणतच आलेय.

त्या दोन शिट्ट्यांच्या वेळात मला फार बरं वाटलं. आभाच्या जन्मानंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मला भीती ह्यांची नाही, त्या बरं वाटण्याची आहे. इथे राहिले तर पुढच्या वेळी गॅस बंदच करणार नाही.

म्हणून जाते. सुरगाण्याला माझी मैत्रीण मनीषा मुलींचं वसतिगृह बघते, तिथे स्वयंपाकाला बाई हवी आहे. आभाला कळवलंय. ती फोनवर बराच वेळ रडली आणि शेवटी म्हणाली, "आई, पोचलीस की सांग."

ह्यांना हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर दाखव, पण आधी उशीला टेकवून बसव. भेटायला आलास तर एकटा ये आणि समोर उभा राहून बोल, डाव्या कानानं ऐकू येत नाही.

तुझ्या दाजींना बीपी आहे. सांभाळून घे.

तुझी बहीण,
मालिनी

ता. क. मशीन शोधू नकोस. ते मी नेलंय, मला माझं मोजायचं आहे.